स्नायूंना रक्त पोहोचवणारा वायू

नायट्रिक ऑक्साइड शरीराला साठवून ठेवता येत नाही. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात तो तयार होतो, शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो, तिला सैल करतो आणि काही सेकंदांत संपतो. कालचा आज उरत नाही, आजचा उद्यासाठी राहत नाही. म्हणून या वायूच्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूकडे बघताना एकच प्रश्न विचारावा: हा वायू रोज, माझ्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत तयार व्हायला याने मदत होणार आहे का? जिममधल्या 'प्री-वर्कआउट' पावडरीच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत 'नायट्रिक ऑक्साइड' छापलेलं असतं. बागेबाहेरच्या गाडीवर बीट-आवळ्याचा रस पिणाऱ्यालाही कोणीतरी हेच नाव सांगितलेलं असतं. दोघांच्या हातात येणारं फळ मात्र फार वेगळं आहे.

हा वायू शरीरात काय करतो ते शोधून काढायला बराच काळ गेला. नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक छातीतल्या कळेवर गुणकारी ठरतं, हे डॉक्टरांना 1870 च्या दशकाअखेरीस कळलं होतं. डायनामाइटच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचं सोमवारी डोकं ठणकायचं, कारण सुट्टीनंतर तो पदार्थ पुन्हा अंगात जायचा आणि रक्तवाहिन्या एकदम रुंदावायच्या. खुद्द आल्फ्रेड नोबेल यांना आयुष्याच्या शेवटी, 1896 मध्ये, डॉक्टरांनी हेच औषध लिहून दिलं होतं. ते लागू का पडतं, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. अमेरिकेत फरीद मुराद यांनी 1977 मध्ये दाखवलं की या औषधांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीचे तुकडे घेऊन प्रयोग करत होते. असिटिलकोलीन हे रसायन घातल्यावर काही तुकडे सैल पडत, काही पडत नसत. फरक निघाला तो कापण्याच्या हाताळणीत: ज्या तुकड्यांचं आतलं अस्तर घासलं जाऊन निघालं होतं, ते सैल पडत नव्हते. मग त्यांनी अस्तर शाबूत असलेली पट्टी, अस्तर नसलेल्या पट्टीला चिकटवून ठेवली, तर अस्तर नसलेली पट्टीही सैल पडली. म्हणजे अस्तरातून काहीतरी बाहेर पडत होतं. हे 1980 साली छापून आलं. ते 'काहीतरी' नायट्रिक ऑक्साइडच आहे, हे 1986-87 मध्ये फर्चगॉट, लुई इग्नारो आणि लंडनमध्ये काम करणारे साल्वादोर मोंकादा यांच्या कामातून स्पष्ट झालं. 1998 चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. मोंकादांचं नाव त्यात नाही, याबद्दल शास्त्रज्ञांत तेव्हा बरीच नाराजी व्यक्त झाली होती.

या इतिहासातली आपल्या कामाची गोष्ट एकच: अस्तर. रक्तवाहिनीच्या आत पेशींचा एकच थर असतो. रक्त त्याच्यावरून घासत जोरात वाहू लागलं की त्या पेशींतलं एक विकर आर्जिनीन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड तयार करतं. वायू भिंतीतल्या स्नायूपेशींत जातो, तिथे सायक्लिक जीएमपी नावाचा रेणू वाढवतो, पेशीतलं कॅल्शियम कमी होतं आणि आवळलेली भिंत सैल पडते. व्यास थोडा वाढला तरी फरक मोठा पडतो. दाब तोच असेल तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातात बदलतो. व्यास 10 टक्क्यांनी वाढला की त्या नळीतून जाणारं रक्त हिशेबाने 46 टक्क्यांनी वाढतं. हाच वायू रक्तातल्या चपट्या कणिकांना, म्हणजे प्लेटलेटना, एकमेकींना चिकटू देत नाही आणि पांढऱ्या पेशींना भिंतीला डकू देत नाही. धमनीत चरबीचा थर बसण्याची सुरुवात अस्तर बिघडण्यापासून होते ती यामुळे.

अस्तर किती तरतरीत आहे हे मोजता येतं. संशोधनासाठी दंडातली धमनी सोनोग्राफीवर धरतात, हाताच्या खालच्या भागावर रक्तदाबाचा पट्टा पाच मिनिटं घट्ट आवळतात आणि सोडतात. अडलेलं रक्त एकदम धावतं, अस्तराला तो धक्का कळतो, आणि पुढच्या मिनिटभरात धमनी रुंदावते. निरोगी तरुणात साधारण 5 ते 10 टक्के. धूम्रपान करणाऱ्यात, मधुमेह्यात, जुना रक्तदाब असलेल्यात हा आकडा घसरलेला दिसतो, कित्येकदा छातीत पहिली कळ येण्याच्या बरीच वर्षं आधी. ही चाचणी सर्रास करून घेण्याची गरज नाही. ती आपल्याला एवढंच सांगते की बिघाड लवकर सुरू होतो आणि बराच काळ दुरुस्त होण्यासारखा असतो.

आता स्नायूंकडे येऊ. जोरात व्यायाम करताना मांडीच्या स्नायूंना मिळणारं रक्त विश्रांतीच्या कित्येक पट वाढतं. त्याच वेळी मेंदूकडून सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांना आवळण्याचा हुकूम गेलेला असतो, नाहीतर रक्तदाबच कोसळेल. पोट, मूत्रपिंड, काम नसलेले स्नायू हा हुकूम पाळतात. कामात असलेला स्नायू मात्र तो झुगारतो, आणि त्यात नायट्रिक ऑक्साइडचा वाटा आहे. स्नायूतंतूंच्या वेष्टणालगत हा वायू बनवणारं वेगळं विकर असतं आणि ते डिस्ट्रोफिन या प्रथिनाच्या आधाराने जागेवर राहतं. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी झालेल्या मुलांत डिस्ट्रोफिनच नसतं, त्यामुळे हे विकर जागेवरून हटतं आणि राबणाऱ्या स्नायूला हवं तेवढं रक्त मिळत नाही. या मुलांना वायूचं काम वाढवणारी गोळी देऊन पाहिली गेली, पण मोठ्या चाचणीत त्यांची चालण्याची ताकद टिकवण्यात ती अपयशी ठरली. ज्या घरात असा मुलगा आहे, त्या घराला कोणी 'नायट्रिक ऑक्साइड वाढवणारं' महागडं औषध सुचवत असेल तर हे लक्षात असू द्यावं.

इतर सगळ्यांसाठी पहिलं औषध म्हणजे चालणं. यात नवीन काही नाही, असं वाटेल. पण ते का लागू पडतं हे कळलं की कसं चालावं हेही कळतं. अस्तराला हवा असतो वाहत्या रक्ताचा घासता वेग. रमतगमत, दर पन्नास पावलांवर थांबून मारलेल्या फेरीत तो वेग येत नाही. वेग असा हवा की बोलता यावं, पण गाणं म्हणायला गेलं तर दम अपुरा पडावा. असं आठवड्याला किमान 150 मिनिटं. पहिली आठ-दहा मिनिटं हळू चालावं, रक्तवाहिन्यांना उघडायला वेळ द्यावा. शेवटीही तसंच. जोरात धावून एकदम थांबलं की पायातल्या वाहिन्या अजून रुंदच असतात, रक्त खालीच साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. धावण्यानंतर लगेच कडकडीत पाण्याने आंघोळ करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. वजनं उचलताना श्वास कोंडून धरू नये. उचलताना सोडावा, खाली आणताना घ्यावा.

बैठं काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मला व्यायामाइतकीच महत्त्वाची वाटते. सलग बसलं की पायातल्या धमनीत रक्त मंदावतं आणि अस्तराचा प्रतिसाद तासाभरातच उतरतो. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये निरोगी तरुणांना तीन तास बसवून हे मोजलं. दुसऱ्या एका दिवशी त्याच तरुणांना बसवून तासातून एकदा पाच मिनिटं सावकाश चालायला लावलं, तेव्हा ही घसरण झाली नाही. पुणे-मुंबई रोजचा प्रवास करणारे, दुकानात गल्ल्यावर बसणारे, शिलाई मशीनवर काम करणारे, घरून काम करणारे: तासाला पाच मिनिटं उठणं सगळ्यांना जमतं. सकाळी तासभर चालून मग दहा तास खुर्ची न सोडणं, ही वाटणी बरोबर नाही.

चालताना पोटरीत गोळा येतो, दोन-तीन मिनिटं थांबलं की जातो, पुन्हा तेवढंच अंतर चाललं की पुन्हा येतो, असं होत असेल तर ते 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचं हे ठरलेलं लक्षण आहे, आणि तंबाखू व मधुमेह ही त्याची मोठी कारणं. डॉक्टरांनी तपासल्यावर पहिला उपचार बहुधा चालण्याचाच सांगितला जातो: दुखणं बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीनदा, निदान तीन महिने. दुखतं म्हणून घरात बसणं हा यावरचा सगळ्यात वाईट उपाय.

तंबाखूबद्दल थोडक्यात. सिगारेट-बिडीच्या धुरातले घटक नायट्रिक ऑक्साइडला तयार होताहोताच नष्ट करतात, आणि अस्तरातलं विकरही बिघडवतात. व्यायाम चालू, बीट चालू आणि बिडीही चालू, याने हिशेब जुळत नाही. सोडायची असेल तर आधी ती सोडा.

ताटाकडे वळू. शरीरात हा वायू तयार होण्याचा दुसरा रस्ता भाज्यांतून जातो, आणि तो फार मजेशीर आहे. पालक, माठ, मुळा आणि त्याचा पाला, कोथिंबीर, बीट यांत नायट्रेट भरपूर असतं. ते आतड्यात शोषलं जातं, त्यातला जवळपास चौथा हिस्सा लाळेच्या ग्रंथी रक्तातून ओढून पुन्हा तोंडात सोडतात. जिभेच्या मागच्या भागातले जंतू त्याचं नायट्राइट करतात. ते गिळलं की जठरात आणि रक्तात त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं, विशेषतः जिथे प्राणवायू कमी पडतो आहे तिथे. म्हणजे राबणाऱ्या स्नायूत, नेमक्या गरजेच्या जागी.

इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठात 2009 मध्ये आठ तरुणांना सहा दिवस रोज अर्धा लिटर बीटचा रस दिला. तेवढ्याच वेगाने सायकल चालवायला त्यांना कमी प्राणवायू लागला आणि दमून थांबेपर्यंतचा वेळ सुमारे 16 टक्क्यांनी वाढला. हा आकडा जाहिरातींत फार फिरतो. पण शर्यतीच्या वेळेत तो साधारण एक-दोन टक्क्यांएवढाच उतरतो, आणि कसलेल्या धावपटूंत बऱ्याचदा तेवढाही दिसत नाही. रक्तदाबाच्या बाबतीत चित्र जास्त आशादायक आहे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाने 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत रक्तदाबाच्या रुग्णांनी चार आठवडे रोज 250 मिली बीटचा रस घेतला, तेव्हा वरचा दाब सुमारे 7 ते 8 अंकांनी उतरला. रस बंद केल्यावर दोन आठवड्यांत तो मूळ जागी आला. जोवर खाल, तोवर उपयोग.

म्हणून महिनाभराच्या 'कोर्स'पेक्षा मी रोजच्या पालेभाजीच्या बाजूचा आहे. डाळ-पालक, माठाची परतून केलेली भाजी, बीटची कोशिंबीर, मुळ्याची दह्यातली कोशिंबीर, वर मूठभर कोथिंबीर: एवढं ताटात रोज आलं तर रसाच्या गाडीवर जाण्याची गरज नाही. पालेभाजी उकडून पाणी ओतून देऊ नका, नायट्रेट पाण्यात विरघळतं आणि त्याबरोबर निघून जातं. तेच पाणी आमटीत घाला. धावण्याच्या स्पर्धेसाठी रस घ्यायचाच असेल तर सुरुवातीच्या दोन ते तीन तास आधी घ्या, आणि स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नका, काहींचं पोट बिघडतं. बीट खाल्ल्यावर लघवी गुलाबी दिसली तर घाबरू नका. मात्र ऑक्सलेटचा मुतखडा होऊन गेलेल्यांनी बीट आणि पालक बेताने खावेत, आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारून. रक्तदाबाची गोळी रसासाठी बंद करू नये, हे वेगळं सांगायला नको, पण लोक करतात म्हणून सांगतो.

जिभेवरच्या जंतूंवर हे सगळं अवलंबून असल्याने रोज जंतुनाशक माउथवॉशने चूळ भरणं महागात पडतं. क्लोरहेक्सिडीनच्या माउथवॉशने आठवडाभर चुळा भरल्यावर निरोगी माणसांचाही रक्तदाब दोन-तीन अंकांनी चढल्याचं मोजलं गेलं आहे. दंतवैद्यांनी हिरड्यांसाठी आठ-दहा दिवस सांगितला असेल तर जरूर वापरा. सवय म्हणून नको.

नायट्रेट सगळीकडे हितकारक नाही, हे इथेच सांगायला हवं. विदर्भ-मराठवाड्यातल्या अनेक विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यात खतांमुळे आणि सांडपाण्यामुळे ते लिटरला 45 मिलीग्रॅम या मर्यादेच्या वर गेलेलं आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं तर रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं आणि बाळ निळं पडू शकतं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटल्यामुळे दाट होतं. अशा गावांत बाळासाठी तपासलेलं पाणीच वापरावं.

नाकाच्या पोकळ्यांतही नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2002 मध्ये मोजलं, तेव्हा गुणगुणत श्वास सोडताना नाकातून बाहेर पडणारा हा वायू शांत श्वासाच्या पंधरा पटींपर्यंत वाढला. भ्रामरी करणाऱ्यांना हे वाचून आनंद होईल. भ्रामरी जरूर करा, नाकाने श्वास घ्या. पण नाकातल्या वायूमुळे हृदयातले अडथळे उघडतात, असं जे सांगितलं जातं त्याला आधार नाही.

आता पावडरीचा डबा. त्यावर 'आर्जिनीन' लिहिलेलं असतं, कारण वायू त्यापासून बनतो. पण तोंडाने घेतलेल्या आर्जिनीनचा मोठा भाग आतडं आणि यकृत आधीच फोडून टाकतात, आणि निरोगी माणसाच्या पेशींत ते मुळात कमी नसतंच. डाळी आणि शेंगदाण्यांतून ते मिळतं. व्यायाम करताना दंड फुगल्यासारखा वाटतो, त्यात रक्ताच्या वाढत्या प्रवाहाचा हात असतो, आणि तो डबा न घेताही वाढतो. हृदयविकाराच्या रुग्णांसाठी तर हे आर्जिनीन धोक्याचं ठरलं आहे. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 153 जणांवर झालेली चाचणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. आर्जिनीन घेणाऱ्यांत सहा मृत्यू झाले, न घेणाऱ्यांत एकही नाही, आणि चाचणी थांबवावी लागली. ज्यांना झटका येऊन गेला आहे त्यांनी ही पावडर घरात आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी, जिथे चूक जिवावर बेतते ती गोष्ट. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडते. ती घेताना आधी बसा, उभ्याने घेतलीत तर रक्तदाब उतरून कोसळाल. पाण्याबरोबर गिळू नका, जिभेखाली विरघळू द्या. डोकं जड होणं, चेहरा तापणं हे अपेक्षित आहे. पाच मिनिटांत दुखणं कमी झालं नाही तर वाट बघत बसू नका, 108 ला फोन करा. शेजाऱ्याच्या छातीत दुखतंय म्हणून स्वतःची गोळी त्याला देऊ नका. त्याचा रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर तीच गोळी घात करेल. सॉर्बिट्रेटच्याच गटातली, म्हणजे नायट्रेटची, रोजची गोळी ज्यांना आहे, त्यांना बहुधा सकाळी आणि दुपारी अशा वेळा दिलेल्या असतात. मध्ये रात्रीची फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण चोवीस तास औषध राहिलं की शरीर त्याला दाद देईनासं होतं. 'दुपारची विसरलो, रात्री घेतो' असं परस्पर करू नका.

लिंगाला ताठरता येण्यासाठीही हाच वायू लागतो. त्या रक्तवाहिन्या बारीक असल्याने त्यांतला बिघाड कित्येकदा हृदयाच्या तक्रारीच्या काही वर्षं आधी दिसतो. म्हणून ही तक्रार लाजून लपवण्याची नाही, ती घेऊन हृदयाचीही तपासणी करून घ्यावी. त्यावर दिली जाणारी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल ही गोळी वायूने सुरू केलेलं काम लांबवते. तिच्यावर सॉर्बिट्रेट पडली तर रक्तदाब एवढा कोसळू शकतो की माणूस परत येत नाही. सिल्डेनाफिलनंतर किमान 24 तास, टाडालाफिलनंतर किमान 48 तास नायट्रेटची कुठलीही गोळी, फवारा किंवा पॅच वापरायचा नसतो, आणि नियमित नायट्रेट चालू असलेल्याने या दोन्ही गोळ्या घ्यायच्याच नसतात. त्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणल्या जातात आणि घरी कोणालाच माहीत नसतात. पुरुष वाचकांना विनंती आहे: छातीत दुखून दवाखान्यात पोहोचलात, तर गेल्या दोन दिवसांत अशी गोळी घेतली आहे का हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. सोबत कोणीही असो, ते आधी सांगा.